अ‍ॅडमिरलचं वल्हं

त्या हिवाळ्यातून न्यूफाउंडलंडच्या त्या वसाहतीत एकच कोंबडी जगली. तिची अंडी इतकी गार पडत की फोडायला कुऱ्हाड लागे, असं लोक छातीठोक सांगत. सांगणाऱ्यांपैकी एकानंही ते अंडं कधी चाखलेलं नव्हतं, कारण कोंबडी ओर्लाची होती आणि ओर्ला कुणाला तिचं पीसही देत नसे.

तीच कोंबडी काखेत धरून ओर्ला सकाळी ग्रिझेल हेकच्या दारात उभी राहिली. आत शेकत बसलेल्या बार्थोलोम्यू क्रिकच्या तोंडाला आधी पाणी सुटलं, आणि मग कुठे काहीतरी वाईट घडलंय हे त्याच्या लक्षात आलं. वसाहतीचा न्हावी आणि वैद्य दोन्ही तोच. डोकं मात्र नेहमी पोटाच्या मागून चालणारं.

"ही घ्या बाई," ओर्ला म्हणाली, "आणि माझ्या नवऱ्याला सोडवा. दुपारी त्याला लटकवणारेत."

ग्रिझेल हेक ब्रिस्टलला असताना लोकांच्या चोरीला गेलेल्या वस्तू शोधून देऊन पोट भरायची. एकदा तिनं शोधलेली चांदीची थाळी न्यायाधीशाच्याच कपाटात निघाली आणि पुढच्या जहाजानं तिला इकडे यावं लागलं.

"कोंबडी खाली ठेव. डर्मटनं कुणाला मारलं म्हणतात?"

"म्हाताऱ्या जोबला. कप्तान टोझर म्हणतो, काल संध्याकाळी मारलं. आमच्या घरात किनाऱ्यावरच्या फळ्या सापडल्या ना!"

"फळ्या चोरल्या का त्यानं?"

"चोरल्या! मग काय करणार? सगळ्यांच्याच चुली त्या फळ्यांवर चालतात. आम्ही आयरिश, म्हणून आमच्याच घरात डोकावले."

यात खोटं काही नव्हतं. मच्छीमारांची जहाजं शरदात इंग्लंडला परतत, आणि मासळी सुकवायचे मांडव नि खोपटी किनाऱ्यावर तशीच राहत. हिवाळाभर वसाहतवाल्यांची नजर त्या लाकडांवर आणि जहाजवाल्यांनी राखणीला ठेवलेल्या जोब पेनहेलची नजर वसाहतवाल्यांवर. वसंतात जे जहाज बंदरात पहिला नांगर टाकेल त्याचा कप्तान त्या हंगामापुरता बंदराचा अ‍ॅडमिरल. किनाऱ्याची सगळ्यात चांगली जागा त्याची आणि न्यायनिवाडाही त्याचाच. खूण म्हणून तो आपलं वल्हं गोट्यांत रोवी. यंदा वल्हं कप्तान टोझरचं होतं.

"चला वैद्यबुवा," ग्रिझेल उठली.

"पुन्हा?" क्रिक कुरकुरला. "पहाटे ओरडा झाला तेव्हा वसाहतीभोवतीच्या लाकडी तटाच्या दाराशी कुडकुडत उभा होतो मी. दार उघडेचना! रात्रीचा पाऊस पडता पडता गोठला. बिजागऱ्या, अडसर, सगळं काचेत घातल्यासारखं. शेवटी कुऱ्हाडीनं फोडलं."

"तट चढून नाही का कुणी गेलं?"

"त्या बर्फावरून? मांजरही चढलं नसतं."

"आणि डर्मट?"

"माझ्या मागेच होता की, जांभया देत."

ग्रिझेल दाराबाहेर पडलीही, आणि क्रिकला उठावं लागलं. कोंबडी तेवढी क्रिकच्या आसनावर चढून बसली.

*

टेकडी उतरून दोघं किनाऱ्यावर आली. ऊन नव्हतं, त्यामुळे रात्रीचा बर्फ तसाच होता. मांडवाची काठीन् काठी चकाकत होती. मधोमध जोब उताणा पडला होता. टोझरच्या हुकमावरून त्याला कुणी हलवलं नव्हतं.

क्रिकनं गुडघे टेकून त्याचं डोकं बघितलं. "वरून मार बसलाय. गोल खूण आहे, माझ्या मुठीपेक्षा लहान. गोट्यानं हाणलं असणार."

"रक्ताचा गोटा दिसतोय कुठे?"

"नाही बुवा."

"कोट कसा आहे?"

"कोरडा आहे. लोकरीचा आहे, चांगला आहे." क्रिकनं तो जरा आशेनंच चाचपला. मग प्रेत कुशीवर वळवायला गेला तर पाठीखालच्या गोट्यांवरून त्याचाच पाय सटकला. त्यानं खोपटाचा कठडा धरला. हात बर्फावरून सुळकन निसटला. कोलमडता कोलमडता त्यानं समोरचं वल्हं पकडलं, आणि वाचला.

"आई गं!" तळहातात लाकडाचं लांबलचक कुसळ घुसलं होतं.

"हात काढ!" कप्तान टोझर मांडवाखालून धावत आला. लाल मानेचा, पिंपासारखा माणूस. चेहरा मात्र पांढरा पडला होता. "हंगाम संपेपर्यंत त्या वल्ह्याला शिवेल त्याची पाठ सोलीन मी!"

"कप्तान, वैद्यबुवा पडत होते," ग्रिझेल म्हणाली.

"मग पडू द्यायचं! कायदा आहे तो."

"बरं. काल तुम्ही आलात कधी?"

"दिवस मावळायच्या आधी. नांगर टाकला, किनाऱ्यावर आलो, वल्हं रोवलं, जोबबरोबर घोटभर घेतली आणि जहाजावर परतलो. पाऊस नंतर लागला. त्यानंतर सकाळी हे प्रेत बघायलाच उतरलो. झालं समाधान? मला जोबशी काय वैर असणार, म्हातारे? मी अ‍ॅडमिरल झालोच होतो."

"खरंय," ग्रिझेल म्हणाली. "तुम्हाला काय गरज!"

*

कप्तान क्रीड आपल्या होडीवर बसून पाइप चावत होता. पाइपात तंबाखू नव्हती.

"प्रेत मला दिसलं," तो म्हणाला. "पहाटे सहा माणसं घेऊन आलो. धुकं असं की स्वतःचं नाक दिसेना. किनाऱ्याला लागलो तर म्हातारा पडलेला, अजून ऊबदार, आणि बाजूला टोझरचं वल्हं. खरं सांगू? मला आधी वल्हं दिसलं."

"वाईट वाटलं?"

"वाईट? बाई, काल तिन्हीसांजेला मी बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकाच्या आत नांगर टाकला. साखळीचा आवाज असा घुमला की डोंगरातली अस्वलं उठली असतील. वाटलं, यंदा आपणच पहिले. मग धुकं, मग तो पाऊस. म्हटलं, उतरू सकाळी. आणि टोझर आधीच आत! धुक्यात त्याचं जहाज दिसलं नसेल मला. वल्ह्यापुढे कोण बोलणार?"

"तुमच्या जहाजावर रात्री कंदील होता?"

"डोलकाठीवर. का?"

"सहज."

डर्मटला मिठाच्या खोपटात खांबाला बांधलं होतं.

"भांडलो जोबशी, हो," तो म्हणाला. "फळ्या घेऊन निघालो तर शिव्या देत तटापर्यंत मागे आला. पावसाचा पहिला थेंब पडला आणि परत फिरला. शहाणा माणूस, भिजत शिव्या देत नसे."

"किनाऱ्यावर वल्हं रोवलेलं होतं?"

"मी फळ्या बघत होतो बाई. वल्ह्याची चूल पेटत नाही." त्यानं मागच्या खांबाला डोकं टेकलं. "ओर्लानं कोंबडी दिली ना तुम्हाला? वेडी आहे ती. आता अंडी कुठली खाणार?"

*

दुपारी सगळा किनारा जमला. दोन्ही जहाजांचे खलाशी, वसाहतीतले लोक आणि पुढे ओर्ला. दोर मांडवावरून टाकून झाला होता. टोझर पिंपावर बसला.

"कुणाला काही सांगायचंय?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हात वर केला.

"मला," ग्रिझेल म्हणाली. "कप्तान, जोब पावसाआधी मेला म्हणता?"

"संध्याकाळीच."

"मग रात्रभर तो पावसात पडून होता. इथं काडीन् काडी बर्फात मढलीय, आणि जोबचा कोट कोरडा? शिवाय त्याच्या पाठीखालचे गोटे निसरडे होते. वैद्यबुवा त्यांच्यावरूनच पडले. म्हणजे बर्फ आधी आणि जोब नंतर. कप्तान क्रीडना तो ऊबदार सापडला. तो पहाटे मेला. आणि पहाटे तटाचं दार बर्फानं बंद होतं. डर्मट आत होता, वैद्यबुवांच्या मागे जांभया देत."

क्रिकला एकदम जाणवलं की हे सगळं त्यानंच सांगितलं होतं. त्याला जरा अभिमान वाटला आणि मग जरा लाज.

"मग क्रीडनं मारलं!" टोझर ओरडला. "पहाटे तोच होता इथं!"

"कशासाठी? वल्हं तर तुमचं उभं होतं. आता त्या वल्ह्याचंच बघू. तुम्ही ते पावसाआधी रोवलंत. मग खोपटाच्या कठड्यावरून वैद्यबुवांचा हात निसटतो, आणि वल्ह्याचं कुसळ हातात घुसतं ते कसं? बर्फातून कुसळ टोचत नाही, कप्तान. वल्हं उघडं होतं. पाऊस थांबल्यावर रोवलेलं."

टोझरचे खलाशी एकमेकांकडे बघू लागले.

"तुमचं जहाज काल बंदरात नव्हतंच. पहाटे मागाहून येताना तुम्हाला धुक्याच्या वर क्रीडच्या डोलकाठीवरचा कंदील दिसला. मग होडी काढून पुढे आलात, म्हणजे क्रीड उतरायच्या आत वल्हं उभं राहील. पण काल नांगराची एकच साखळी वाजली होती आणि ती जोबनं ऐकली होती. कालच आलो म्हणून साक्ष दे, असं तुम्ही म्हणालात. तो नाही म्हणाला. तेवढ्यात धुक्यात क्रीडच्या होडीचा आवाज आला. हातात होतं त्यानं तुम्ही मारलंत, आणि धुवायला वेळ नव्हता म्हणून जिथं कुणी हात लावू शकत नाही तिथं लपवलंत. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

"त्या वल्ह्याला जो शिवेल—" टोझर पिंपावरून उठला.

"वैद्यबुवा आधीच शिवलेत," ग्रिझेल म्हणाली. "पाठ काही दोनदा सोलता येत नाही. उपटा हो."

क्रिकनं आधी टोझरकडे बघितलं. तरी तो गेला. दोन्ही हातांनी धरून, कुसळ विसरून, त्यानं जोर लावला. वल्हं गोट्यांतून करकरत बाहेर आलं. गोट्यांत रुतवलेल्या मुठीच्या गोल टोकाला रक्त सुकलं होतं, आणि त्यात जोबचे पांढरे केस.

ओर्ला मोठ्यानं रडली. टोझर पुन्हा पिंपावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा पडला.

"उठ," कप्तान क्रीड म्हणाला. "ती जागा माझी आहे."

*

नवा अ‍ॅडमिरल क्रीड पिंपावर बसला आणि त्यानं समुद्राकडे बघितलं. तिथं मासळी उसळत होती.

"टोझर, तुझी जागा आणि मांडव माझे. जोबचा निवाडा इंग्लंडात होईल, शरदात परत जाऊ तेव्हा."

"तोवर याला कोंडणार कुठे?" ग्रिझेलनं विचारलं.

"कोंडून काय करू? त्याच्या जहाजावर चाळीस माणसं आहेत. मासळी थांबत नाही, बाई."

"आणि इंग्लंडला नेणार कोण?"

"जहाज त्याचं आहे. तोच नेईल."

टोझरच्या मानेवर हळूहळू लाली परतली.

"डर्मटला सोडा," क्रीड पुढे म्हणाला, आणि ओर्ला धावली तशी तिला हातानं थांबवलं. "खुनातून सोडा. फळ्या त्यानं चोरल्यात. फळ्या बंदराच्या, म्हणजे आता माझ्या. पाठ सोला."

मांडवावरचा दोर काढून चाबकासाठी घेतला. कापायलाही लागला नाही. मग क्रीडनं स्वतःचं वल्हं मागवलं. दोनदा ठोकलं तरी ते तिरपंच राहिलं. शेवटी त्यानं आजूबाजूला बघितलं आणि टोझरच्या वल्ह्याचं भोक आयतंच होतं, त्यात रोवून टाकलं.

संध्याकाळी क्रिक डर्मटच्या पाठीला चरबी लावून परत आला. ग्रिझेलच्या दाराशी ओर्ला उभी होती.

"कोंबडी घेऊन जा," ग्रिझेल म्हणत होती. "मी काही केलं नाही."

"तो जिवंत आहे," ओर्ला म्हणाली. "ठरलं ते ठरलं." ती मागे न बघता गेली.

ग्रिझेलनं क्रिकचा हात दिव्याजवळ ओढला. तळवा सुजून टम्म झाला होता.

"राहू द्या ते कुसळ," तो पुटपुटला. "शरदापर्यंत. पुरावा आहे तो."

"दाखवणार कुणाला, वैद्यबुवा?"

क्रिकनं विचार केला. पोट मध्ये न आणता, त्याला जमेल तितका वेळ केला. मग त्यानं हात पुढे धरला आणि तोंड फिरवलं.