स्थळपाहणी

धुकं इतकं दाट होतं की समोरची पाटी वाचायची तर ती आधी पाठ असायला हवी. फ्रेमवाली बगलेत काचांचं पुडकं घेऊन दुकानाकडे चालली होती. तेवढ्यात, आपल्याच दुकानापुढे कुणीतरी आपल्याच भिंतीशी गप्पा मारतंय, असं तिला ऐकू आलं.

"जरा वर धरा… हां. अजून थोडं. छान. तुमचा हात अगदी स्थिर आहे हो. नाहीतर लोक टेप धरतात म्हणजे सापाची शेपटी धरल्यासारखी."

जवळ गेल्यावर धुक्यातून एक तरुण बाहेर आला. गळ्यात ओळखपत्र, कानामागे पेन्सिल, हातात मोजायची टेप. टेप चांगली ताणलेली होती आणि तिचं दुसरं टोक भिंतीच्या कोपऱ्याआड गेलेलं होतं.

"कोणाशी बोलताय?" फ्रेमवालीनं विचारलं.

"दुकानातल्या बाईंशी. त्यांनी टोक धरलंय."

"या दुकानात बाई एकच आहे. मी."

टेप सैल पडली. सळसळत आली आणि त्याच्या बोटाला चावून डबीत गुडूप झाली. दोघं कोपऱ्यावर गेली. तिथं कोणी नव्हतं. ओल्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला अंगठ्याएवढा कोरडा ठिपका होता आणि तोही बघता बघता ओला होत गेला.

"मग त्या…"

"आधी तुम्ही कोण ते सांगा."

"मी फलक व दर्शनी बदल समितीकडून आलोय," तो बोट चोखत म्हणाला. "स्थळपाहणीला."

तो शब्द त्याच्या तोंडून पडला आणि कुलूपबंद दुकानात खिळ्यांवरच्या सगळ्या तसबिरी एकदम खडखडल्या. फ्रेमवालीनं मनाची समजूत घातली की रस्त्यावरून ट्रक गेला असेल. रस्त्यावर धुक्याखेरीज काहीच जात नव्हतं.

दुकान आत्याचं. आई-बापामागं आत्यानंच तिला वाढवलं, चौकट ठोकायला शिकवलं आणि तिच्या लग्नाचा ध्यास घेतला. आत्या एरवी मितभाषी. गिऱ्हाइकाशी तर ती मोजपट्टीनं मोजून बोलायची. पण कुठं स्थळाचा वास लागला की तिच्या जिभेला पाय फुटत. "स्थळ चांगलं आहे, नुसतं पाहून घे," हे वाक्य फ्रेमवालीनं इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही ती त्याला "नको" म्हणायची. शेवटच्या आजारात आत्यानं तिला जवळ बोलावलं, "एक स्थळ आहे—" असं म्हटलं आणि डोळे मिटले. पुढचं वाक्य ती सोबत घेऊन गेली.

मागं राहिलं दुकान आणि त्यातल्या तसबिरी. लोकांनी चौकटीत बसवायला दिलेल्या आणि न्यायला विसरलेल्या. अनोळखी आजोबा, कुणाच्या तरी मावश्या, एक पहिलवान, एक रुसलेलं बाळ. दिवसभर एवढ्या नजरा पाठीवर घेऊन काम करायचं म्हणजे सवय लागते. फ्रेमवालीला ती होती. गिऱ्हाइकांना नव्हती. त्यातून दुकानाला दर्शनी बाजूला आंधळी भिंत. पूर्वी तिथं मोठं दार होतं, पण लोक डोकावतात म्हणून आत्यानं ते विटांनी बुजवलं आणि बाजूच्या बोळातून शिरायची वाट ठेवली. ती वाट फक्त मांजरांना सापडे. भिंत फोडून तिथं काच लावायची, वर नवी पाटी चढवायची, एवढाच फ्रेमवालीचा प्रस्ताव होता. तो फेटाळला गेला तर दुकान बंद. दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयानं तिला चौकटींच्या कामासाठी बोलावलं होतं. हो-नाही कळवायला त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

आता समितीविषयी दोन शब्द. गावातली कुठलीही पाटी किती लांब, किती लाल आणि किती शुद्ध असावी, हे ही समिती ठरवायची. अध्यक्षांचं चपलांचं दुकान होतं. त्यावर होडीएवढा जोडा लटकत होता, पण तो समिती जन्मायच्या आधीचा असल्यानं ऐतिहासिक होता. दुसऱ्या सदस्या व्याकरणबाई. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांनी केवळ एका वेलांटीपायी एक दवाखाना वर्षभर पाटीविना ठेवला होता. रोगी अंदाजानं येत. तिसरे सदस्य सभेत झोपत, म्हणून त्यांचं सर्वांशी पटे.

पहिल्या सभेत पाहणीचे फोटो पडद्यावर लावले गेले. फ्रेमवाली मागच्या खुर्चीत बसली होती. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"अर्जदारानं दिलेल्या नकाशात भिंत आहे," ते म्हणाले. "फोटोत दार आहे. आणि दारात बाई आहेत."

फ्रेमवाली खुर्चीतून अर्धी उठली. दार तेच होतं, हिरवं, वरच्या कोपऱ्यात पोपडे उडालेलं. आणि दारात आत्या. घरातल्या कपड्यात, हात पुसत, कोण आलंय ते बघायला आल्यासारखी.

"साहेब, तिथं दार नव्हतं," पाहणीवाला म्हणाला. "बाईही…"

"आम्ही डोळ्यांवर जायचं की तुमच्यावर?" अध्यक्षांनी विचारलं. "शिवाय दर्शनी भागावर व्यक्तीचं चित्र असेल तर ती जाहिरात ठरते. बाई बाजूला करा, मोकळ्या भिंतीचा फोटो आणा. तहकूब."

"आणि नकाशातली उंची चुकली आहे," व्याकरणबाई म्हणाल्या. "शब्दांत लिहिली असती तर चुकली नसती."

म्हणून पाहणीवाला पुन्हा आला. उंची मोजली, फोटो काढला. धुकं होतं म्हणून चहा घेतला. तो मोडक्या स्टुलावर बसला होता, आणि उठेपर्यंत भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी त्याच्या बाजूला कलल्या होत्या. पहिलवानसुद्धा.

"ही माणसं नेहमीच अशी बघतात?" त्यानं हळूच विचारलं.

"आजवर कुणाकडे मान वळवून बघितलं नव्हतं. तुमच्यात काय आहे एवढं?"

"माझ्यात काही नाही हो. आईला विचारा, ती यादी देईल."

"भीती वाटत नाही?"

"वाटते ना. गुडघे बघा." त्यानं खरंच गुडघे दाखवले. ते हलत होते. "पण… तुमचा चहा चांगला आहे."

"चहा पाणचट आहे."

"तेच म्हणतोय. तरी मी आणखी मागतोय, यावरून काय ते समजा."

फ्रेमवालीनं काच पुसायला घेतली. ती काच आधीच स्वच्छ होती.

दुसऱ्या फोटोत आत्यानं ठेवणीतली शाल घेतली होती. कानात मोती होते. प्रस्ताव पुन्हा तहकूब झाला. नकाशातली उंची पुन्हा चुकलेली निघाली. पाहणीवाला पुन्हा आला.

"ही भिंत आहे की वाढत्या वयातलं पोर?" तो टेप ताणत म्हणाला. "दरवेळी उंची वेगळी. टोक धरता ना?"

"धरलंय."

"तुम्हीच धरलंय ना… की?"

"मीच," ती म्हणाली, आणि टेपला हळूच हिसका दिला. दुसऱ्या टोकाला त्याच्या बोटांपर्यंत तो पोचला असावा, कारण पुढचा आकडा त्याला वाचता येईना.

तिसरा फोटो पाहणीवाल्यानं दुकानातच दाखवला. त्यात आत्याच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये कप. केस नीट बसवलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे फ्रेमवालीनं आयुष्यात फक्त काही ठरावीक प्रसंगीच पाहिलं होतं. ती फोटोकडे बघत राहिली आणि तिच्या हातातला हातोडा खाली आला.

"दरवेळी आल्यावर तुम्ही दारात काय म्हणता हो?"

"काय म्हणणार… 'स्थळपाहणीला आलोय.'"

फ्रेमवाली खोक्यावर बसली. आधी तिला हसू फुटलं, मग अंगावर काटा आला, मग दोन्ही मिळून असं काहीतरी झालं की पाहणीवाला पाणी शोधायला धावला.

"अहो, स्थळ!" ती डोळे पुसत म्हणाली. "आत्याला वाटतंय तुम्ही मला पाहायला येताय. आयुष्यभर तिचे कान त्या एका शब्दावर होते. मेली तरी तेवढे उघडे राहिले."

पाहणीवाल्याचे कान तांबडे झाले. "मग… त्यांना सांगा ना, की हे कार्यालयीन काम आहे. मी सरकारी माणूस आहे."

"सरकारी नोकरीतलं स्थळ म्हटल्यावर ती जन्मात हलायची नाही."

वर, आढ्यापाशी, कुणीतरी समाधानानं सुस्कारा सोडला. दोघांनी ऐकला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी समितीनं जाहीर केलं की आता आम्हीच येतो. दुपारी धुकं पुन्हा उतरलं आणि त्यातून तिघं आले. पुढे अध्यक्ष, मागून छत्री टेकत व्याकरणबाई, आणि चालता चालता डुलक्या घेणारे तिसरे. वडीलधारी मंडळी अशी रांगेनं, गंभीर चेहऱ्यानं, तरुण पाहणीवाल्याला मध्ये घालून येताना पाहून फ्रेमवालीनं आधी भिंतीकडे बघितलं. आत्याला याचा अर्थ काय लागेल, ते सांगायला नको होतं. दुकानात कपबशा किणकिणू लागल्या. दुकानात कपबशा नव्हत्या. ती दोघं मगातून चहा पीत.

"आम्ही स्थळपाहणीला आलो आहोत," अध्यक्षांनी रीतसर सांगितलं.

"असं म्हणू नका हो," फ्रेमवाली पुटपुटली. पण उशीर झाला होता.

अध्यक्षांनी स्वतःच्या फोननं भिंतीचा फोटो काढला. भिंत बघितली. फोटो बघितला. मग पुन्हा भिंत. माणूस कसलेला, चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"बाईंना बाजूला व्हायला सांगा. आज फोटो मोकळा आला नाही तर प्रस्ताव निकाली. नामंजूर."

"जमत नसेल तर…" पाहणीवाला फ्रेमवालीच्या कानाशी येऊन म्हणाला. "त्यांना उत्तर हवंय. देऊन टाका. खोटंच का होईना."

फ्रेमवाली भिंतीपाशी गेली. "आत्या," ती म्हणाली, "स्थळ पसंत आहे. जा आता."

अध्यक्षांनी दुसरा फोटो काढला. "अजून आहेत. आणि चष्म्यावरून बघतायत."

ती नजर न बघताही फ्रेमवालीला दिसली. लहानपणी खाऊच्या डब्याबद्दल खोटं बोलल्यावर याच नजरेनं तिला रडवलं होतं.

धुकं भिंतीला चिकटून उभं होतं. भिंतीतून मात्र कोमट हवा येत होती, कुणीतरी पलीकडे अगदी जवळ उभं असल्यासारखी.

"तुम्ही बोला," ती पाहणीवाल्याला म्हणाली. "ती माझ्यावर विश्वास ठेवायची नाही. आजवर सगळ्यांना मी नकोच म्हटलंय."

पाहणीवाल्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं. "मी…" तो भिंतीकडे बघून म्हणाला. "पाहणी पहिल्याच दिवशी संपली होती. उंची मला पाठ आहे. पुढं मी आलो ते… यांना बघायला. त्यामुळं, बाई, तुमचा गैरसमज झाला असं मला म्हणता यायचं नाही."

व्याकरणबाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. तिसरे सदस्य जागे झाले.

फ्रेमवालीनं मान खाली घातली. "नकाशातली उंची," ती म्हणाली, "मी मुद्दाम चुकवत होते. दरवेळी. नाहीतर तुम्ही परत कशाला आला असता?"

"मुद्दाम?" अध्यक्ष म्हणाले. "हा तर समितीचा—"

"थांबा हो," व्याकरणबाई म्हणाल्या. "वाक्य पुरं होऊ द्या."

"मला जायचं नाही," फ्रेमवाली म्हणाली. हे ती भिंतीला सांगत होती, त्याला सांगत होती की स्वतःला, हे तिलाही कळलं नाही. "भिंत फुटो न फुटो. संग्रहालयाला मी सकाळीच 'नाही' म्हणून कळवलंय. दुकान मांजरांनाच सापडत असेल तर मांजरांच्या तसबिरी करीन. पण मला इथंच… यांच्याबरोबर. खरंच, आत्या."

अध्यक्षांनी फोटो काढला आणि बराच वेळ बघत राहिले.

"भिंत आहे," ते अखेर म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "नुसती भिंत. मंजूर." मग थोडं थांबून, कुणालाच न उद्देशून म्हणाले, "बाई होत्या तेव्हा दर्शनी भाग बरा दिसत होता."

समिती धुक्यात विरघळली. जाताना व्याकरणबाई तिसऱ्यांना सांगत होत्या की मुलाचं बोलणं शुद्ध आहे.

फ्रेमवालीनं भिंतीवर तळहात ठेवला. विटा गार होत्या. जी मिळवायला ती महिनाभर धडपडली होती, त्या मोकळ्या भिंतीकडे बघून तिचे डोळे भरून आले. पाहणीवाला शेजारी येऊन उभा राहिला. टेपशिवाय हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. मग कळलं.

तेवढ्यात भिंतीच्या आतून, जिथं दार नव्हतं तिथून, कडीचा बारीक आवाज आला. दोघांना आता बोलू द्यावं म्हणून घरातलं मोठं माणूस बाहेर जाताना ओढून घेतं ना, तसं कुणीतरी दार ओढून घेतलं… अगदी हलकेच.