निळी साय आणि हरणाऱ्याचा केक

टिल्डेच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराच्या वाचनालयातल्या त्या कॅफेत खुर्च्यांना तोटा नव्हता. पण खिडकीजवळची, लाल उशीची खुर्ची टिल्डेची, हे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जमणाऱ्या मंडळाला पाठ होतं. हा बुवा मात्र ओला कोट त्याच खुर्चीच्या पाठीला टांगून निवांत कॉफी ढवळत होता. बाहेर वारा मातला होता, पाऊस आडवा येत होता, आणि सायकल मारत आलेल्या टिल्डेचे केस कपाळाला चिकटले होते.

"ही माझी खुर्ची आहे," ती म्हणाली.

त्याने वळून खुर्चीची पाठ नीट तपासली. "नाव तर कुठे दिसत नाही."

"नवीन आहेस. म्हणून माफ."

"आणि जुना झालो की?"

"जुना व्हायला आधी टिकावं लागतं इथे."

तो हसला आणि उठला. पण लांब गेला नाही... शेजारचीच खुर्ची ओढून बसला. नाव सांगितलं, आस्गर. कुठल्याशा शाळेत काम करतो म्हणाला आणि तिथेच थांबला. मंडळात कुणाचं पोटापाण्याचं विचारायची पद्धत नव्हती. तिथे सगळ्यांचा धंदा एकच, निळी साय.

'दूरचा किनारा' नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. आपलं यान घ्यायचं आणि ताऱ्यांमधून भटकायचं. वाटेत बंद पडलेली, बेवारस यानं तरंगत असतात आणि त्यांच्या दारांपाशी एक निळसर थर साचलेला असतो, दुधावरच्या सायीसारखा. सुरीने खरवडला की बरणीत भरता येतो. पुढे काय? पुढे काही नाही. ती साय विकली जात नाही, जळत नाही, बर्फाळ ग्रहावर नेली तरी गोठत नाही. गेम बनवणाऱ्यांनी तिच्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्यामुळे जगभरच्या खेळणाऱ्यांची झोप उडाली होती.

ओडेन्सच्या मंडळात सायीबद्दल ज्याला जो तर्क सुचेल तो त्याने मांडायचा. दुसऱ्याने त्यात भोक दाखवलं की तर्क पुरला गेला. ज्याचा पुरला त्याने पुढच्या वेळी घरी भाजलेला केक आणायचा, आणि ज्याने पुरला त्याने हरलेल्याच्या शेजारी बसून पहिला तुकडा त्याच्याबरोबर खायचा. हा नियम म्हाताऱ्या बेंटचा. बेंट पोस्टातून निवृत्त झालेला. माणूस भांडून घरी गेला की परत येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

टिल्डे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुसऱ्याला काय दिसत नाही ते शोधणं हा तिचा रोजचा उद्योग, त्यामुळे पुरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा स्वतःचा तर्क मात्र दोन वर्षं शाबूत होता. साय जिवंत आहे, ते झोपलेलं बियाणं आहे, असं ती सांगायची. तिला आजवर एकही केक भाजावा लागला नव्हता आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

आस्गरने पहिल्याच दिवशी तोंड उघडलं. नाहीशा झालेल्या एखाद्या जमातीचे ते अश्रू असावेत, तो म्हणाला. अश्रू असते तर बर्फाळ ग्रहावर गोठले असते, टिल्डे म्हणाली. त्याची कॉफी निवायच्या आत त्याचा तर्क मातीत गेला होता.

"केक कुठला आवडतो तुला?" त्याने विचारलं.

"हरलेला माणूस आणेल तो."

पुढच्या महिन्यात त्याने आणलेला केक खालून करपलेला आणि मधे कच्चा होता. नियमाप्रमाणे टिल्डेने पहिला तुकडा त्याच्या शेजारी बसून खाल्ला. कसा झालाय, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, "चष्मा लावून पाहिला तरी यात केक सापडत नाहीये."

सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त तोच.

मग हे दर महिन्याचंच झालं. आस्गरने तर्क मांडायचा, टिल्डेने पुरायचा, आस्गरने केक आणायचा. गंमत अशी की त्याचे केक सुधारत गेले आणि तर्क बिघडत गेले. फेब्रुवारीत तर त्याने साय म्हणजे यानाचं इंधन असल्याचं सांगितलं. अरे, ती जळत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, असं म्हणत टिल्डेने तो पुरला आणि बेंटने कपाळावर हात मारला. पण त्याबद्दल मार्चमध्ये आलेला ब्रुन्सविगर, म्हणजे तिथला साखरेच्या थराचा केक... लोण्यात विरघळलेली तपकिरी साखर त्याच्या खळग्याखळग्यांत साचली होती. टिल्डेने बोटं चाटली.

"वाईट नाही," ती म्हणाली. ओडेन्स ज्या बेटावर आहे, त्या फ्यूनवर स्तुती याच्यापुढे जात नाही.

तिला आता बरंच काही दिसायला लागलं होतं. त्याच्या बाहीच्या काठाला लागलेलं पीठ. सर्वांत जास्त साखर साचलेला तुकडा हळूच तिच्याकडे फिरवणारा त्याचा हात. ती बोलायला लागली की कप खाली ठेवून ऐकणारे त्याचे डोळे. आणि पहिल्या शनिवारी आपण नेमका हिरवाच स्वेटर का घालतो, हा प्रश्न ती वाऱ्यावर ढकलून मोकळी व्हायची. तिकडे गार असतं ना, म्हणून.

मार्चच्या त्याच शनिवारी बातमी आली. गेमवाले एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता निळ्या सायीचं गुपित सांगणार होते. मंडळाने टाळ्या पिटल्या. टिल्डेने मात्र टाळी वाजवली नाही. कोडं सुटलं की तर्क संपले, तर्क संपले की केक संपले. मग आस्गर कशाला येईल? सगळ्या जगाला तोंडावर सुनावणारी ही बाई, पण 'आपण दोघंच कॉफी घेऊ या का' एवढं तिच्या तोंडातून निघेना. कधी न हरलेल्या माणसाला 'नाही' ऐकायची धास्ती जरा जास्तच असते.

शनिवार दोन दिवसांवर आला असताना तिच्या दुकानात लोने नावाच्या एक शिक्षिका डोळे तपासायला आल्या. टेबलावरच्या मगवर यानाचं चित्र पाहून त्या म्हणाल्या, आमचा आस्गर या खेळापायी वेडा झालाय. पदार्थविज्ञान शिकवतो, पोरांची बारीकशी चूकसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाही. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तर त्याने शिक्षकांच्या खोलीत आम्हाला पकडून, ती निळी साय इंधन का असूच शकत नाही, ते फळ्यावर मांडून दाखवलं.

टिल्डेच्या हातातलं भिंग थांबलं. जानेवारीत हे फळ्यावर मांडणारा माणूस फेब्रुवारीत तोच इंधनाचा तर्क घेऊन येतो... कशासाठी? काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाच महिने लोकांचे डोळे तपासत बसलेल्या टिल्डेला स्वतःच्या शेजारच्या खुर्चीतलं दिसलं नव्हतं. लोनेबाईंना पुढची अक्षरं वाचायला सांगायचंही ती विसरली.

शनिवारी ती सर्वांच्या आधी आली आणि टेबलावर एक डबा ठेवला. मंडळी जमली, पडदा लावला गेला. तीनला थोडा अवकाश होता. आस्गर आला, डबा पाहिला आणि थबकला.

"कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझा. आज मी एक नवा तर्क मांडणार आहे, आणि तो तूच पुरायचास. हरले तर केक तयार आहे."

बेंटने घाईघाईने चष्मा चढवला. टिल्डे उभी राहिली. हिरवा स्वेटर, कोपरापर्यंत पीठ, आणि आवाज नेहमीइतकाच ठाम.

"एक माणूस आहे. इंधनाचा तर्क खोटा आहे हे त्याला जानेवारीपासून माहीत आहे. तरी फेब्रुवारीत तो तोच तर्क इथे मांडतो, हरतो आणि केक भाजतो. माझा तर्क असा, की हा माणूस मुद्दाम हरतो. कारण हरला की पहिला तुकडा माझ्याबरोबर खायला मिळतो." इथे मात्र तिला श्वास घ्यावा लागला. "शोध भोक."

आस्गर कानापर्यंत लाल झाला होता, पण त्याने नजर वळवली नाही.

"एक भोक आहे," तो म्हणाला.

टिल्डेने डबा स्वतःकडे ओढला.

"अश्रूंचा तर्क मला खरंच पटला होता. तिथे मी मनापासून हरलो. मुद्दाम हरायला लागलो ते... त्यानंतर."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी तर्क पक्का आहे."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू लगेच पुरशील म्हणून," तो म्हणाला. "तुझा हात धरणारं इथे कुणी नाही."

"धरून तर बघायचा होतास."

त्याने धरला. टेबलावर, सगळ्यांसमोर, पिठासकट. बेंट खोकला आणि पडद्याकडे पाहू लागला, तेवढ्यात तीन वाजले.

पडद्यावर गेमवाल्यांचा एक संकोचलेला चित्रकार आला. त्याने सांगितलं की साय म्हणजे यानाच्या दारांचं वंगण. बिजागऱ्या कुरकुरू नयेत म्हणून लावतात ना, ते. अंधारात दारं दिसावीत म्हणून त्याने ते निळं रंगवलं होतं. कुणी ते खरवडून बरण्यांत भरून ठेवेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माफ करा, म्हणाला.

अश्रू, बियाणं, इंधन, देवांचं रक्त... आणि निघालं काय, तर दाराचं तेल. मग बेंट हसायला लागला आणि हसता हसता त्याने टेबल बडवलं.

"म्हणजे सगळेच पुरले गेले. टिल्डेसुद्धा. नियमाने प्रत्येकाच्या डोक्यावर केक आला." त्याने बोटांवर माणसं मोजली. "पुढचं अख्खं वर्ष केकने भरलं की."

टिल्डेने डबा उघडला. तिचा ब्रुन्सविगर एका बाजूने बसला होता आणि साखरेचा दगड झाला होता. आस्गर शेजारी बसला, पहिला तुकडा मोडला आणि बराच वेळ चावत राहिला.

"कसा आहे?"

"वाईट..." तो थांबला. तिने डोळे बारीक केले. "...आहे. खूपच वाईट आहे."

इतक्या वर्षांत तिला इतकं हसू कधी आलं नव्हतं. बाहेर पडले तेव्हा वारा तसाच होता, पाऊस मात्र थांबला होता. आस्गर सायकलचं कुलूप काढता काढता रेंगाळला. पुढच्या महिन्यात केक कुणाचा, त्याने विचारलं.

"पुढचा महिना कशाला? उद्या ये."

"उद्या? पण मग... कारण काय सांगू?"

टिल्डेने त्याच्या बाहीवरचं पीठ झटकलं. पाच महिने तिला ते झटकायचं होतं.

"काही सांगू नकोस," ती म्हणाली. "नुसता ये."