आता तुमचा भार आमच्यावर

"पैसे कुठे गेले, ताई?"

धाकट्याने पुन्हा विचारलं, आणि या खेपेला त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला... आणि तेच जास्त भयंकर होतं! खाली दुकानाचं शटर भरदिवसा ओढून घेतलेलं होतं. सकाळी बँकेची दोन माणसं आली होती, गिऱ्हाइकांच्या देखत अर्ध्या भरलेल्या सोफ्यावर ऐसपैस बसली होती आणि म्हणाली होती, "वर्ष झालं, छदाम आलेला नाही. महिनाअखेर दुकान ताब्यात घेऊ. चालेल ना?" चालेल ना! जणू पाणी पिऊन जाऊ का, असं विचारावं तसं!

ताई भिंतीशी उभी होती. हातातला ओला फडका तसाच राहिला होता, त्याचं पाणी तिच्या पावलावर ठिबकत होतं, आणि ते गार आहे की कोमट, हेही तिला कळत नव्हतं.

"भरलेत रे सगळे," ती म्हणाली.

"कुणाला भरलेस? बँकेत तर एक रुपया पोचला नाही!"

"विचारा, विचारा!" स्वयंपाकघराच्या दारातून भावजय म्हणाली. "दर महिन्याला पाकीट हातात घेताना वन्सं कशा देवीसारख्या दिसायच्या! आता देवी बोलेना झाली."

ताई खरोखरच बोलेना झाली होती. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा हा धाकटा एवढासा होता. तिने रुग्णालयाच्या धुलाईखोलीत नोकरी धरली, दिवसभर वाफेच्या यंत्राखाली चादरी दाबल्या, आणि आपल्या लग्नाचा विषय निघाला की "आधी ह्याचं होऊ दे" म्हणून हसून टाळला. टाळता टाळता विषय निघायचाच बंद झाला. धाकटा सोफे-गाद्या भरायच्या कामात हुशार निघाला. एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं म्हणून त्याने नवं यंत्र घेतलं, कापडाचे तागे भरले. पक्की नोकरी ताईची, म्हणून कर्ज ताईच्या नावावर निघालं, तारण मात्र दुकान ठेवलं. आणि हॉटेलवाल्याने उद्घाटनाच्या आधीच दिवाळं काढलं! हप्ते थकले, फोन सुरू झाले. "तू फक्त काम कर," ताई म्हणाली होती, "देणी मी बघते." त्या दिवसापासून धाकटा आपला वाटा तिच्या हाती देत आला आणि पुढे काही विचारलं नाही. ताईला विचारायचं काय! देवाला कोणी पावती मागतं?

आणि ताईने ते पैसे पाठवले ते त्या गोड आवाजाच्या माणसाकडे.

बसथांब्यावर पाटी होती. सगळी कर्जं एका हप्त्यात, डोक्याला ताप नाही. तिने भीत भीत नंबर लावला, आणि पलीकडून एक तरुण आवाज आला, मऊ, सावकाश, ऐकून घेणारा. "ताई, रडू नका," तो म्हणाला. ती रडत नव्हती. पण त्याने तसं म्हटल्यावर मात्र खरंच रडली. "इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांचा भार वाहिलात. आता तुमचा भार आमच्यावर." असं तिला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं हो! त्या एका वाक्यावर तिचं अंतःकरण विरघळून गेलं.

मग त्याने समजावलं. पैसे आमच्याकडे भरा, आम्ही बँकेशी वाटाघाट करू. तोवर बँकेला तुम्ही परस्पर काही द्यायचं नाही, त्यांचा फोन घ्यायचा नाही, नाहीतर सगळं फिसकटेल. घरातही बोलू नका, ताई. चार तोंडं, चार सल्ले. तिने सगळं मानलं. फोन वाजायचा, वाजत राहायचा, ती उशीखाली सरकवायची. दर महिन्याला त्या माणसाचा फोन यायचा आणि तो आधी विचारायचा, "ताई, जेवलात का?" त्या फोनची ती वाट बघायची. हे तिने स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं.

गेले काही महिने तो फोन यायचा थांबला होता.

"एक संस्था आहे," आता अखेर ती पुटपुटली. "बसथांब्यावर पाटी होती त्यांची. त्यांच्याकडे भरले. ते बोलणी करतायत."

"संस्था?" धाकटा हसला. ते हसू बघवत नव्हतं. "म्हणजे माझा घाम तू बसथांब्यावरच्या पाटीला वाहिलास?"

"तो मुलगा तसा नाही रे... फार चांगला आहे."

हे ती बोलली मात्र! सख्खा भाऊ समोर होरपळत असताना बहीण परक्याची बाजू घेते, हे धाकट्याच्या काळजात सुरीसारखं घुसलं.

"चांगला आहे!" तो ओरडला. "मग राहा त्याच्याकडेच! खोटं तरी जरा पटेल असं बोल. खाल्लेस म्हण, लपवलेस म्हण, मी ऐकून घेईन! पण आजपासून मला ताई नाही... मेली माझी ताई!"

भावजयीच्या हातातलं भांडं खाली आलं. एवढं तिलाही नको होतं. ताईने मात्र फक्त मान हलवली, जणू कोणी तिला उद्याच्या पाळीची वेळ सांगितली, आणि फडका पिळून दोरीवर वाळत घातला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते तिलाच विचारलं तरी सांगता आलं नसतं. दुःख म्हणावं तर दुःखाला धार असते. इथे धारच नव्हती. एकाच घरात भाऊ पाठमोरा जेवायचा, पाठमोरा हात धुवायचा. ती आपलं ताट खोलीत न्यायची, त्यातलं काही पोटात जायचं, काही तसंच राहायचं. कामावर गेलं की पांढऱ्या चादरी येत, पांढऱ्या चादरी जात. एकदा मुकादमीण ओरडली, "अगं बाई, चादरीबरोबर स्वतःलाही इस्त्री करून घेतेस का?" तेव्हा तिने खाली बघितलं. मनगट यंत्राच्या तापल्या पत्र्याला टेकलं होतं. कातडी लाल झाली होती, फुगत होती. तिने हात उचलला आणि पुढची चादर ओढली.

संध्याकाळी तो फोड भावजयीने पाहिला.

"हे काय? केव्हा भाजलं?"

"भाजलं का?" ताई म्हणाली.

भावजय बघतच राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून या नणंदेचा तिला धाक होता, हेवाही होता; नवऱ्याच्या मनातली पहिली खुर्ची कायम हिची! आज मात्र त्या खुर्चीवर कोणीच बसलेलं दिसेना. तिने मलम आणि पट्टी आणली, आणि लावता लावता तोंडही चालू ठेवलं. "नणंद जळाली तर लोक मलाच म्हणतील, हिनेच चटका दिला. आधीच माझं नाव चांगलं आहे गावात!" मग एकदम थांबली. "वन्सं, खरं सांगा. आहे का हो असा कोणी माणूस?"

"आहे."

"मग उद्या मला दाखवा त्याला. तुम्ही खोट्या असाल तर तेही मला बघू दे, आणि खऱ्या असाल तर... तेही बघू."

कागदावरच्या पत्त्यावर ती कचेरी सापडली, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान. आत थंडगार हवा, काचेची तावदानं, कोपऱ्यात प्लॅस्टिकची झाडं. त्या दोघी बाकावर टेकल्या. फळीच्या आडोशापलीकडे कोणीतरी बोलत होतं, आणि ताईने तो आवाज ओळखला. मऊ, सावकाश, ऐकून घेणारा.

"ताई, रडू नका," आवाज म्हणाला. मग जरासं थांबणं. मग तो हलका सुस्कारा. "इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांचा भार वाहिलात. आता तुमचा भार आमच्यावर."

तेच शब्द. थांबणंही तिथेच, सुस्काराही तेवढाच! एखाद्या कीर्तनकाराने कथा रोज सांगावी, पण त्याचे डोळे रोज भरून यावेत, कारण त्याचा देव खरा असतो. इथे पाठांतर होतं आणि देवाच्या जागी फीचं पुस्तक होतं. ऐन धारेत सापडलेल्याने नावाड्याचा हात धरावा, आणि नावाड्याने त्याला वर न घेता पाण्यातच धरून ठेवून भाडं मोजत बसावं... बुडणाऱ्याला मात्र वाटत राहावं की आपण तरतोय!

ताईला राग आला नाही. छातीत कुठेतरी काहीतरी हलायला हवं होतं, ते हललं नाही. भावजयीने तिचा कोपर धरला आणि तिला घेऊन सरळ आडोशापलीकडे गेली.

तरुण होता, गोरटेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला. समोर एक बाई पिशवी मांडीवर गच्च धरून बसली होती. "एक मिनिट हं ताई," तो त्यांना म्हणाला. ताईचा चेहरा त्याने कधी पाहिलेलाच नव्हता; बोलणं फोनवर झालं होतं, कागद टपालाने आले-गेले होते. भावजयीने नाव-पत्ता सांगितला, तसं त्याने संगणकात पाहिलं.

"हां, हे खातं बंद झालंय. शेवटचे हप्ते उशिरा आले ना."

"वर्षभर पैसे घेतलेत. बँकेला किती दिलेत?"

"मॅडम, सुरुवातीची रक्कम आमची फी असते. त्यानंतर मासिक सेवाशुल्क. बाकी शिल्लक वाटाघाटीसाठी साठते; पण करार मध्येच मोडला की ती दंडात वळते. सही त्यांचीच आहे." आवाजातला मऊपणा जराही कमी झाला नव्हता. "आणि नोंदणीचा खर्च तर त्यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या फंडातून एकरकमी भरला होता. आम्ही काही जबरदस्ती केली नाही. त्याच म्हणाल्या, भावाच्या पैशाला यासाठी हात लावायचा नाही."

भावजय वळली. "तुमचा फंड? म्हातारपणाचा?"

"हो गं," ताई म्हणाली. "पडूनच होता."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच! आणि जिचा गळा कापला, ती समोर उभी राहून "पडूनच होता" म्हणत होती! भावजयीच्या डोळ्यांपुढे ते पाकीट घेणारे हात आले, त्या देवीच्या टोमण्यासकट, आणि ती तिथेच, त्या प्लॅस्टिकच्या झाडांमध्ये, भडभडून रडायला लागली.

ताई रडली नाही. तिने खुर्चीवरच्या त्या परक्या बाईकडे पाहिलं.

"बाई, ऊठ," ती म्हणाली. "बँकेत जा. स्वतः बोल. ओरडतील, तेवढं ऐकून घे. पण घरी सांग आधी... घरी सांग!"

"अहो ताई, असं कसं," तरुण म्हणाला.

"मला ताई म्हणू नकोस," ती शांतपणे म्हणाली. "ते नाव माझ्या घरचं आहे. सध्या तिथेही बंद आहे."

ती बाई पिशवी घेऊन उठली.

भावजयीने ताईला तशीच बँकेत नेलं. तिथली बाई थकलेली होती, चष्मा केसांत अडकवून बसलेली. तिने सगळं ऐकलं, मग पेन खाली ठेवलं. "अहो, आम्ही किती फोन केले! तुम्ही एकदा जरी उचलला असता, तरी हप्ता निम्मा करून दिला असता, मुदत वाढवली असती. त्याला फी लागत नाही, नुसतं बोलावं लागतं." दंडाचं व्याज माफ करावं म्हणून वर कळवायचं तिने कबूल केलं. नवं यंत्र मात्र विकावं लागणार होतं. दुकान राहील, म्हणाली. हप्ता चुकवू नका, आणि चुकणार असेल तर आधी सांगा.

एवढंच होतं तर. एवढं सोपं! ताईने हे ऐकून "बरं" म्हटलं.

घरी पोचल्या तेव्हा धाकटा दुकानात होता. भावजय एकटीच आत गेली. ताई बाहेर पायरीवर उभी राहिली. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अहो, वन्संनी खाल्ले नाहीत. खाल्ले असते तर बरं झालं असतं, निदान कोणाच्या तरी पोटात गेले असते! त्यांनी आपला फंडसुद्धा घातला त्यात. तुमच्या पैशाला खर्चाची झळ नको म्हणून! आणि आपण त्यांना..."

मग धाकटा बाहेर आला. त्याच्या सदऱ्याला कापसाचे धागे चिकटले होते. तो समोर उभा राहिला, आणि एवढा मोठा बाप्या गडी रस्त्यावरच्या लोकांसमोर तिच्या पायाशी मटकन बसला.

"ताई... मी काय बोललो गं तुला! मार मला. लहानपणी मारायचीस तशी मार!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. 'ताई' हा शब्द तिच्या कानात शिरला होता, पण अजून खाली उतरत नव्हता. गोठलेल्या बोटांना शेक आधी कळतच नाही, तसं झालं होतं. तिने हात उचलायचा प्रयत्न केला, आणि तो पट्टी बांधलेला हात त्याच्या डोक्यावर जाऊन नुसता पडला.

"मारीन रे," ती म्हणाली. "मारीन. आज हात उचलत नाही... उद्या मारीन."

आणि ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. भावजय दारात डोळे पुसत उभी होती, येणारे-जाणारे वळून बघत होते, आणि धाकटा तो हात दोन्ही हातांत धरून बसला होता, त्यात ऊब येईपर्यंत.