सहा दहाचा नियम

नेटवर्क दुरुस्तीच्या धंद्यात अठरा वर्षं काढली, त्यामुळे "टीव्ही अडकतोय" या तक्रारीची मला भीती वाटत नाही. म्हणजे, वाटत नव्हती. ताईचा फोन आला तसा मी खांद्याला बॅग लावली आणि दुपारीच तिच्याकडे गेलो. वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

भाऊजींना जाऊन सात महिने झाले होते. घर फार गप्प झालं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मीच तिला टीव्हीचा नवा बॉक्स आणून दिला होता.

"दिवसभर नीट चालतो रे," ताई म्हणाली. "संध्याकाळी सहा दहाला चित्र थांबतं. नुसतं गोल गोल फिरत बसतं. साडेसहाला आपोआप सुरू."

"रोज?"

"रोज."

दोष कुठे असणार ते मला ठाऊक होतं. भाऊजींची फायरवॉल. पुस्तकांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात बसवलेली ती डबी घरात येणारं-जाणारं सगळं इंटरनेट तपासायची. कुठलंही नवं यंत्र आलं की भाऊजी स्वतः बसून त्याला परवानगी देत आणि प्रत्येक नियमापुढे शेरा लिहीत. ताईच्या फोनपुढे, "घरची मालकीण. अडवण्याची हिंमत करू नये." माझ्या लॅपटॉपपुढे, "मेव्हणा. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे." मला त्यांनी नुसतं बघण्यापुरतं खातं दिलं होतं. बदल करायचा पासवर्ड एकट्या त्यांच्याकडे होता, आणि तो ते बरोबर घेऊन गेले.

परवानगीशिवाय त्या घरात काही चालत नसे, तरी नवा बॉक्स पहिल्या दिवशीच मुकाट्याने चालला होता. तेव्हाच मला आश्चर्य वाटायला हवं होतं. नशीब म्हटलं आणि घरी गेलो.

कपाट उघडलं. तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि जुन्या कागदांचा वास आला. डबीतला बारीक पंखा घरघरत होता. मी लॅपटॉप जोडला आणि नियमांची यादी खाली खाली सरकवत गेलो. अगदी शेवटी एक ओळ होती.

टीव्हीचा बॉक्स. संध्याकाळी सहा दहा ते साडेसहा बंद. शेरा: "चहाची वेळ. दोघांनी."

तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

मी ती पुन्हा वाचली. बाहेर चांगलं ऊन होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मागे वळून बघवेना. मागे ताईच उभी होती. तिनेही ओळ वाचली, पण ती दचकली नाही.

"ऑफिसातून सहाला यायचे," ती हळूच म्हणाली. "हातपाय धुऊन सहा दहाला बाल्कनीत. टीव्ही चालू दिसला की चिडायचे... आता चित्र थांबलं की मी दोन कप घेऊन बाहेर बसते. बरं वाटतं रे. मग वाटतं, मला वेड लागतंय."

"ताई..."

"खरं सांग. हे तू करतोस ना? मला बरं वाटावं म्हणून? मी रागावणार नाही. पण तू करत नसशील... तर मग..."

तिच्या डोळ्यांत भीतीचा मागमूस नव्हता. आशा होती, आणि मला धास्ती वाटली ती त्या आशेचीच. मी नाही म्हटलं असतं तर ती उरलेलं आयुष्य त्या वीस मिनिटांसाठी जगली असती.

"हो," मी म्हणालो. "मीच."

ती खुर्चीत बसली.

"मग काढून टाक," ती म्हणाली.

पासवर्डशिवाय एकच मार्ग होता. डबीच्या मागच्या भोकात पिन दहा सेकंद दाबून धरायची. सगळं कोरं होतं, नियमही आणि शेरेही. तिला एवढंच सांगितलं, पासवर्डचं बोललो नाही. तिने मान हलवली, तशी मी पिन दाबली. पंखा एकाएकी जोरात फिरायला लागला, जिना चढून आलेल्या माणसाला धाप लागावी तसा. सातव्या सेकंदाला हात काढून घ्यावासा वाटला. घेतला नाही. पंखा थांबला.

सगळं नव्याने जोडून दिलं. सहा दहाला टीव्ही चालूच राहिला. ताई पडद्याकडे बघत रडत होती. चहा तिने केलाच नाही.

आता तिचं बरं चाललंय. झोप लागते, मैत्रिणींकडे जाते, फोनवर हसतेसुद्धा. म्हणून तिला मी काही सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.

कारण त्या आठवड्यापासून संध्याकाळी सहा दहाला माझ्या घरातलं इंटरनेट बंद पडतं. माझ्या फायरवॉलचा पासवर्ड माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तरी यादीत शेवटी एक नियम असतो आणि त्याच्यापुढे शेरा: "तिला खरं सांग." भाऊजी माझ्यावर चिडलेत. मला त्यांची इतकी आठवण येते की कधी कधी त्याचंही बरं वाटतं.

तो नियम मी रोज पुसतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटांचा होता. काल सव्वानऊपर्यंत चालला.