सरांच्या खोलीतला गारवा

जयसिंग मानेची गाडी विकास नगरच्या बाजारात शिरली की दुकानदार आपापल्या फ्रीजमध्ये जागा करायला लागत. पांढरी, बंद पेटीची गाडी. पेटीत दही, पनीर, लोणी, श्रीखंड, गोठवलेले मटार. सकाळी ट्रान्सपोर्ट नगरच्या गोदामात माल भरायचा, आधी विकास नगर करायचं, मग चारबागची हॉटेलं, आणि शेवटी शहराच्या पार दक्षिणेला वृंदावन योजनेतली दुकानं. तिथून तेलीबागेतलं त्याचं घर जवळ पडे, म्हणून ही फेरी त्याने मागून घेतली होती.

तो मूळचा कराडकडचा. फौजेत उमेदीची सगळी वर्षं ट्रक चालवला, शेवटची बदली लखनौच्या छावणीत झाली आणि निवृत्तीनंतर तो इथंच राहिला. त्याची बायको सुरुची मात्र इथल्या उन्हाळ्याला कधी सरावली नाही. मे लागला की तिच्या मानेवर घामोळं उठायचं. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ती स्वयंपाक करायची आणि म्हणायची, "अहो, तुमची बरी मजा आहे. दिवसभर बर्फाशेजारी बसता." पेटी मागं असते आणि पुढं केबिनमध्ये इंजिनची धग असते, हे तिला कितीदा सांगितलं तरी ती हसून सोडून द्यायची.

विकास नगरात एका दुकानामागच्या गल्लीत तो गाडी लावत असे. एकदा तो तिथं फोनवर सुरुचीशी बोलत होता, तेवढ्यात समोरच्या फाटकातून आवाज आला, "कुठले हो तुम्ही?"

साठीच्या एक बाई उभ्या होत्या. अंगावर सुती साडी आणि तिच्यावर पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर. एप्रिल संपत आला होता.

त्यांचं नाव कल्पना. नवरा देवदत्त, इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. त्यांना त्या 'सर' म्हणत. मराठी बोलायला माणूस मिळाल्याचा बाईंना इतका आनंद झाला, की त्यानंतर जयसिंग रोज त्यांच्या व्हरांड्यात पाणी प्यायला थांबू लागला. त्या व्हरांड्याची फरशी थंडगार असायची. बूट काढून पाय टेकले की गारवा पोटऱ्यांपर्यंत चढायचा. आत मोठा एसी असणार, असं तो धरून चालला होता. पण एके दिवशी लाइट गेलेली होती, साऱ्या गल्लीतली यंत्रं बंद होती, आणि तरी फरशी तशीच होती.

"सर दिसत नाहीत कधी," तो म्हणाला.

"आत असतात. बरं नसतं." बाईंनी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या. "मागच्या थंडीत धुक्यात फिरायला गेले होते. नेहमीसारखेच गेले. परत आले तेव्हापासून असं."

असं म्हणजे कसं, ते त्याने विचारलं नाही.

जूनमध्ये लू, इथला तो भाजून काढणारा वारा, सुटली. सकाळी अकरालाच रस्ते ओस पडायचे, कुत्री गटारात जाऊन बसायची. त्यातल्याच एका दिवशी जयसिंगच्या गाडीची थंड करणारी मशीन गल्लीतच बंद पडली. केबिनमधल्या काट्यावर पेटीचं तापमान चढू लागलं. माल जवळजवळ सगळा आतच होता. त्याने गोदामात फोन लावला. मॅनेजर निरंजन म्हणाला, "भैया, दूसरी गाड़ी नहीं है. मिस्त्री भेज रहा हूँ. माल बचाइए, कैसे भी."

कसा वाचवायचा? दुकानदारांचे फ्रीज भरलेले होते. जयसिंग पेटीच्या दारावर ओली गोणपाटं टाकू लागला.

"आत आणून ठेवा," कल्पनाबाई फाटकातून म्हणाल्या. "सरांच्या खोलीत. काही होणार नाही मालाला."

"अहो ताई, एवढे क्रेट. सरांना त्रास कशाला?"

"सरांना त्रास नाही," त्या म्हणाल्या. आणि त्याने नको म्हणायच्या आत त्यांनी फाटक सताड उघडलं.

खोलीचं दार लोटलं तेव्हा जयसिंगच्या कपाळावरचा घाम जागच्या जागी आकसला. सियाचीनच्या पायथ्याला त्याने एक हिवाळा काढला होता, थंडी त्याला नवी नव्हती. पण तिथं वारा असे, आवाज असे. इथं काहीच हलत नव्हतं. एसी नव्हता. खिडकीला जाड पडदा होता, आणि पडद्यामागं ऊन रणरणत असलेलं कडेनं दिसत होतं. पलंगावर दोन रजयांखाली कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. उशाशी तांब्या होता. तांब्यावर पांढरी खरखरीत साय धरली होती. त्याने बोट लावून पाहिलं. हिम होतं.

"नमस्कार सर," तो म्हणाला. 

त्याने सगळे क्रेट आणून दाराजवळच्या भिंतीला लावले आणि बाहेर आला. खरं तर तेव्हाच परत उचलायला हवे होते, असं त्याला वाटत होतं. पण काट्यावरचा आकडा त्याने पाहिला होता. माल गरम झाला तर तो कुणी घेत नाही, आणि दोष ड्रायव्हरचाच असतो.

मिस्त्री आला, गॅस गळत होता तो त्याने बंद केला, नवा भरला. पेटी पुन्हा गार झाल्यावर जयसिंग माल घ्यायला आत गेला.

क्रेट भिंतीशी नव्हते. पलंगाभोवती होते, तिन्ही बाजूंनी, पलंगाला चिकटून. रजईतून एक हात बाहेर आला होता आणि सगळ्यात वरच्या क्रेटवर पालथा पडला होता. बाईंनी झोपलेल्या मुलाचा उचलावा तसा तो हात हलकेच उचलला आणि रजईखाली सरकवला.

"न्या आता," त्या म्हणाल्या. 

माल उत्तम होता. चारबागच्या हॉटेलवाल्याने डबे हाताळून म्हटलं, "आज तो एकदम बर्फ है, भाईसाहब." वृंदावन योजनेतल्या दुकानांनीही मुकाट्याने उतरवून घेतला. फक्त दह्याचा एक मोठा डबा चेपला होता, तो कुणी घेतला नाही. जयसिंग तो घरी घेऊन गेला.

त्या संध्याकाळी तेलीबागेत लाइट नव्हती. सुरुचीनं डबा ओट्यावर ठेवला आणि विसरली. जेवायच्या वेळी उघडला तर दही आत्ताच फ्रीजमधून काढल्यासारखं गार. "अहो, हे बघा तरी," ती म्हणाली आणि साखर घालून वाटीभर खाल्लं. मग आणखी वाटीभर. जयसिंगला ते हातात घेववलं नाही. पोट ठीक नाही, असं त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही डबा ओट्यावरच होता आणि दही तसंच होतं. सुरुचीनं ते संपवलं.

घामोळं गेलं. ओला टॉवेल दोरीवर वाळत राहिला. पंखा नको म्हणायला लागली. "इतक्या वर्षांत पहिला उन्हाळा बरा गेला," ती म्हणाली, आणि खरंच तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवळलेला दिसत होता. तिला बरं वाटतंय याचं जयसिंगलाही बरं वाटलं. मग एका सकाळी त्याने पाहिलं, की ती चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसली आहे. तिनं कप त्याच्यापुढं केला, "घोटभर घ्या." चहा थंड होता. वर साय घट्ट झाली होती.

"आत्ताच गाळला ना?"

"हो, आत्ताच," ती म्हणाली. त्याने तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. 

त्या दिवशी विकास नगरला पोचल्यावर त्याने एकाही दुकानात माल उतरवला नाही. सरळ त्या फाटकाशी गेला.

व्हरांड्यात खुर्ची टाकून एक उघडेबंब गृहस्थ दशहरी आंबा चोखत बसले होते. रस कोपरापर्यंत ओघळला होता. छातीवर घामाच्या धारा होत्या.

"या, या! तुम्हीच ना ते गाडीवाले माने?" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "काय हो हा उकाडा! मजा आली बुवा!"

पायाखालची फरशी तापलेली होती.

कल्पनाबाई दारातच उभ्या होत्या. अंगात स्वेटर नव्हता. त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या.

"ताई, त्या दिवशी आत काय झालं?"

"मला कळलं असतं तर..." त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हीटर लावले, डॉक्टर झाले, सगळं झालं. मग एकदा त्यांच्या उशाशी दुधाची पिशवी राहून गेली. नंतर ते दूध गॅसवर ठेवलं तरी तापेना. आणि त्याच दिवशी ते उठून बसले, अर्धी पोळी खाल्ली. तेव्हा लक्षात आलं, त्यांचा गारवा दुधात उतरला होता."

"त्या दुधाचं काय केलंत?"

"मांजराला घातलं." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "एवढा तुमचा माल, एवढी घरं. वाटलं, थोडं थोडं वाटून गेलं तर कुणाला कळणारही नाही. मी कुणाचं वाईट चिंतलं नाही हो, जयसिंगराव."

"माझ्या घरी गेलं ते."

बाईंनी झटकन वर पाहिलं.

"माझ्या बायकोनं खाल्लं. अख्खा डबा."

"अख्खा?"

"परत कसं घ्यायचं ते सांगा, ताई."

"कल्पना," मागून सर ओरडले, "आणखी एक आंबा आण गं!"

बाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग जयसिंगकडे पाहून दोन्ही हात जोडले, आत गेल्या, आणि दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

फाटकाबाहेर पत्र्याच्या छपरावर एक मांजर बसलं होतं. त्या पत्र्यावर हात ठेवला असता तर फोड आला असता. मांजर डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून बसलं होतं.

जयसिंग माल तसाच घेऊन निघाला. निरंजनचे फोन येत राहिले, त्याने घेतले नाहीत. दुपार भरात होती. चारबागपाशी नेहमीची गर्दी सावलीला चिकटून उभी होती, तेवढ्यानंही त्याला हायसं वाटलं.

घराचं दार उघडं होतं. सुरुची आत नव्हती.

स्वयंपाकघरात नव्हती. न्हाणीघरात नव्हती.

त्याने हाक मारली. वरून उत्तर आलं, "इथं आहे, गच्चीवर."

तो जिना चढला. गच्चीच्या सिमेंटवर पाऊल टाकलं आणि बुटाच्या तळव्यातून चटका आत आला. सुरुची मधोमध उभी होती. अनवाणी. डोक्यावर पदरही नव्हता. तोंड सूर्याकडे होतं.

"खाली चल," तो म्हणाला.

"थांबा ना थोडं. इथंच बरं वाटतं."

त्याने तिचा दंड धरला. उन्हात इतका वेळ असूनही दंड गार होता. ती जागची हलली नाही.

मग तिनं हात वर केला, ओळखीच्या माणसाला करावा तसा. जयसिंगनं तिकडे पाहिलं. दोन घरं सोडून पलीकडच्या गच्चीवर एक म्हातारा उभा होता. त्याने सुरुचीकडे न पाहताच हात वर केला.

त्याच्यामागच्या गच्चीवर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. तिच्याही पुढं, ज्या वृंदावन योजनेत त्याने त्या दिवशी माल उतरवला होता तिथल्या उंच इमारतींवर, छोटी छोटी माणसं दिसत होती, एकेका गच्चीवर एकेक. सगळ्यांचे हात हळूहळू वर गेले.