आमिनाच्या गच्चीवरचा चेंडू

चेंडू आला तो थेट शेवयांवर.

रमजान तोंडावर आला होता. आमिनाने सकाळपासून वळलेल्या शेवया गच्चीत चादरीवर वाळत घातल्या होत्या. उन्हं कलल्यावर त्या गोळा करायला ती वर आली, तोच खालच्या मैदानातून चेंडू आला आणि धप्पकन चादरीच्या मधोमध पडला. शेवयांचा चुरा झाला. आमिनाच्या डोक्यात तिडीक गेली.

"कुठल्या मेल्यानं मारला?" ती कठड्यावरून ओरडली.

खाली एक उंच पोरगा मान वर करून उभा होता. कोपरापर्यंत धुळीने माखलेला... कपाळावरचे केस त्याने मनगटाने मागे सारले.

"मारला दुसऱ्यानं. मी गोलकीपर. माझ्या हातनं सुटला."

"हातात जोर न्हाई तर गोलात कशाला उभं ऱ्हाता? उचला तुमचं मैदान आन न्या गावाबाहेर!"

तिने रागारागाने चेंडू खाली भिरकावला. त्याने तो एका हाताने अलगद झेलला.

"जोर हाय की... बघा."

आमिना हसली नाही. म्हणजे, कठड्याआड बसून हसली. ते कुणाला दिसलं नाही.

तो बदरुद्दीन. जुन्नरच्या बाजारात त्याचं भांड्यांना कल्हई लावायचं दुकान, आणि नाणेघाट फुटबॉल क्लबचा तो नवा कप्तान. आमिना सत्तारभाई मणियारांची मुलगी. खाली बांगड्यांचं दुकान, वर घर, आणि घराला लागून मैदान. त्या दिवसापासून चेंडू वरचेवर गच्चीत येऊ लागला. एवढा पटाईत गोलकीपर, आणि नेमका याच बाजूला चेंडू कसा सुटतो, हे क्लबात कुणालाच उमगेना. दर वेळी आमिना ओरडायची, "उचला तुमचं मैदान!" आणि दर वेळी चेंडू परत टाकायची. एकदा तर चिखलाने भरलेला चेंडू तिने ओढणीने पुसून दिला. पण ओरडली तेवढीच.

मैदान तसं गैरसोयीचंच. तीन बाजूंनी घरं, चौथ्या बाजूची भिंत गेल्या पावसात ढासळलेली, कौलं तर रोजच फुटायची. पण मंचरची किंवा घोडेगावची टीम आली, की आळीतल्या बाया भाकऱ्या उरकून गच्च्यांवर, खिडक्यांत गोळा व्हायच्या. मैदानात जायची त्यांना कुणी मुभा दिली नव्हती, आणि गच्चीवरून बघायला कुणी मनाई केली नव्हती. त्यांची मोजदादच कुणी केली नव्हती म्हणा ना!

ईद झाली. एका दुपारी कंचनबाई बांगड्या भरायला आल्या. समोरच्या माडीतल्या झुंबरलाल शेठजींच्या या मंडळी. बसता बसताच त्या फणफणल्या, "ऐकलंस? मैदान चाललं! आमच्या ह्यांनी डिंगोऱ्याच्या रस्त्याला क्लबला जागा देऊ केलीय. दानधर्म करा, नको कोण म्हणतंय? पण वीस वर्षं मी खिडकीतून मॅच बघतेय. मला एका शब्दानं विचारलं नाही!"

शेजारची ठकूबाई टोपली घेऊन दारातच थबकली. "आन आमी काय कोस दीड कोस तंगडतोड करीत जायाचं? बाईमाणसाला कोण जाऊ दील तितं?"

"कमिटीत ठरलंसुद्धा," कंचनबाई म्हणाल्या. "रविवारी सभेत हात वर करायचे, की झालं. पहिला हात म्हणे कप्तानाचाच होता."

आमिनाच्या बोटांत कंचनबाईंच्या मनगटावरची बांगडी कटकन फुटली.

कप्तानाचा! एवढे दिवस चेंडू इथे येत होता, तो काय उगाच? आणि हा बाबा आपल्या हाताने मैदान उचलून चालला! तिला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं. मग त्या पाण्याचाही संताप आला.

संध्याकाळी चेंडू आला. आमिनाने तो उचलला, मांडीत घेतला आणि तिथेच बसून राहिली.

"चेंडू..." खालून आवाज आला.

"कसला चेंडू?"

"आमचा. आत्ता आला की वर."

"डिंगोऱ्याच्या रस्त्याला शोधा!"

मग तो भिंतीजवळ सरकला. "रागावलात?"

"मी कशापायी रागावू? मैदान तुमचं, हात तुमचा. करा वर!"

"पर... तुमीच तर रोज म्हणता. उचला मैदान, न्या गावाबाहेर. मला वाटलं, लई तरास होतोय तुमाला. म्हणून मन घट केलं आन हात वर केला."

आमिना कठड्यावरून वाकली. या शहाण्याने तिचं प्रत्येक वाक्य ऐकलं होतं, आणि प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवला होता!

"आन दर डावाला चेंडू परत कोण टाकत व्हतं? ते न्हाई दिसलं?"

"म्हंजी... मैदान हितंच ऱ्हावं?"

"मला एकटीला काय विचारता? सगळ्या गच्च्यांना विचारा. भर सभेत विचारा. हाय हिंमत?"

आणि तिने चेंडू असा फेकला, की तो थेट त्याच्या छातीवर आदळला.

रविवारी मैदानातच सभा भरली. अध्यक्ष वलीचाचा मधोमध, शेठजी खुर्चीवर, सत्तारभाई पुढच्या रांगेत. गच्च्यांवर बाया दाटल्या होत्या. "नव्या जागेच्या बाजूनं हात वर!" वलीचाचांनी पुकारा केला. बरेच हात वर झाले. तेवढ्यात बदरुद्दीन उठला.

"चाचा, समद्यांना कुटं विचारलंय अजून?"

"कोण ऱ्हायलं?"

त्याने गच्च्यांकडे बोट केलं. मैदानात हशा पिकला. "बाया काय क्लबच्या मेंबर हायेत व्हय?"

बदरुद्दीनचा चेहरा लाल झाला. "बाहेरची टीम आली की भाकऱ्या कुणाच्या घरनं येतात? भिंत पडली तवा रस्त्यातली माती कुणी उपसली? तवा न्हाई विचारलं कुणी, मेंबर हाय का म्हणून! मी बी हात वर केला व्हता. चुकलो. आता त्यांना विचारा."

आता कुणी हसलं नाही. वलीचाचा घसा खाकरून म्हणाले, "बरं... जुनं मैदान दुरुस्त करायच्या बाजूनं?"

पहिला हात शेठजींच्याच माडीतून वर झाला. मग ठकूबाईचा. मग या गच्चीतून, त्या माळवदावरून हातच हात, आणि सगळ्या आळीत बांगड्यांचा एकच किणकिणाट झाला. त्यातली प्रत्येक बांगडी आमिनाने भरली होती. तिनेही हात वर केला... आणि खाली बदरुद्दीन तेवढ्याच एका हाताकडे बघत होता.

शेठजींनी पागोटं काढून कपाळ पुसलं. "घरातच हरलो की राव! लिहून घ्या, भिंतीचा दगड माझ्याकडून."

खाली बसलेल्यांचेही हात एकेक करून वर झाले.

दुसऱ्या दिवशी बदरुद्दीन दुकानात आला.

"बांगड्या पायजेत."

"कुणासाठी?" आमिनाने मान वर केली नाही.

"काल एवढे हात वर झाले... एकच हात मोकळा व्हता."

दुसऱ्यांना बांगड्या भरताना स्वतःच्या फुटतात, म्हणून आमिना कधी बांगडी घालत नसे. हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिचा सगळा राग एकदम कुठे गेला, ते तिला कळेना.

"आन अब्बांनी ऐकलं म्हंजी?"

"अम्मी आलीया संगं. बाहेर तुमच्या अब्बांशीच बोलतीय."

बाहेरून सत्तारभाईंचं हसणं ऐकू आलं. आमिनाने ओढणी सावरली, हिरव्या बांगड्यांचा जुडगा काढला आणि अखेर त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"अब्बा हो म्हणाले तर बघू. पर एक सांगून ठेवते... ह्यो हात तुमच्या हातनं सुटला, तर याद राखा!"

"न्हाई सुटायचा," गोलकीपर म्हणाला.