नकलेतलं लेकरू

हिंगोलीला स्टेशनाच्या अंगाला एक जिनिंग होती. तिथल्या काट्यावर मी अकरा वर्षं काम केलं. गाडीवानानं कापसाचा बोजा काट्यावर टाकायचा, मी वजन ओरडून सांगायचं, की पुढचा बोजा. नाकात सरकीचा वास, घशात धूळ, आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग. या अकरा वर्षांत माझ्या वजनावर कुणी बोट ठेवलं नाही. मी दारू पीत नाही, देवऋष्याच्या दारात जात नाही. डोळ्यांना दिसतं त्याच्या पलीकडचं बोलणारा माणूस मला मूर्ख वाटतो. आजही वाटतो.

माझा दुसरा उद्योग म्हणजे नकला लिहिणं. लिहायच्या मी, करायच्या तातेरावानं. हा सेनगावचा. अंगानं बारीक, चेहरा कुणाच्या लक्षात राहू नये असा. पण समोरच्या माणसाला एकदा चालताना पाहिलं की दुसऱ्या दिवशी तो तस्साच चालून दाखवायचा. बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही लिंबाखाली सतरंजी टाकायचो आणि कुणातरी मोठ्या माणसाची अब्रू काढायचो. समाधी लागलेली असताना एका डोळ्यानं आरतीचं ताट न्याहाळणारा कीर्तनकार झाला. परभणीचा आखाडा मारून आलेला आणि बायकोला घाबरणारा पहिलवान झाला. मारायच्या धमक्या आल्या. त्या आल्या की मला बरं वाटायचं.

“संतरामभाऊ, लई लागेल असं लिवता,” लोक म्हणायचे.

मी म्हणायचो, “लोकांसमोर मिरवायची हौस ज्याला आहे, त्यानं लोकांनी किती बघावं हे ठरवू नये.”

आणि लोक तरी काय! सकाळी ज्याच्या पायावर डोकं ठेवायचे, त्याचीच नक्कल बघून दुपारी सतरंजीवर लोळायचे. मोठ्यांची मला जेवढी किळस होती, तेवढीच यांची.

अडतीस सालच्या भादव्यात मी मंजुळाबाईला नकलेत घेतलं.

शिरड शहापूरची मंजुळाबाई तेव्हा साऱ्या मुलखात गाजत होती. मुंबईहून तिच्या गाण्याची तबकडी निघाली होती. जाड बाई, तोंडावर देवीचे वण, मागं छत्री धरायला गडी. तिचा एक पाळणा प्रसिद्ध होता. तो तिनं म्हटला की बायका तर सोडाच, मिशाळ पाटीलसुद्धा उपरणं डोळ्यांना लावायचे. याला कारण होतं. तिची पाच महिन्यांची पोर तापानं गेली तेव्हा बाई हैदराबादेत गात होती. तिसऱ्या दिवशी घरी पोचली, तोवर सगळं उरकलं होतं. आणि वर्षाच्या आत ती बाई तोच पाळणा पुन्हा गायला उभी राहिली. लोक म्हणाले, काय काळीज! मी म्हणालो, काय दुकान!

नकलेत तातेराव मंजुळाबाई होऊन यायचा, काखेत चिंध्यांची बाहुली. पाळणा म्हणता म्हणता कुणी “वाहवा” केली की बाहुली दिसेल त्याच्या हातात कोंबायची आणि मुजरे करायचे. मग, “अगोबाई, लेकरू कुटं ठेवलं मी?” म्हणत शोधायची, पाय धरून उलटी उचलायची, आणि उलटीच ठेवून पुढचं कडवं.

बाहुली तातेरावाच्या बायकोनं, द्वारकाबाईनं शिवली. जुनं धोतर, आत सरकी आणि रुई. शिवताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “हसवायला दुसरं काही न्हाई का तुमाला? मेलेलं लेकरू काहून आणता मधी?”

“वहिनी, मी कुठं आणलं? तिनंच आणलं गाण्यात.”

“ती आई हाये तिची.”

“आई होती तर हैदराबादेत काय करत होती?”

तिनं दोरा दातानं तोडून बाहुली माझ्यापुढं टाकली.

पहिल्याच दिवशी लोक हसून हसून खोकायला लागले. आम्ही नक्कल हिंगोलीला केली, नरसीला केली, औंढ्याला केली. मी आधी कधी न पाहिलेली गर्दी जमायला लागली.

पाचव्या की सहाव्या बाजारानंतर तातेराव दंड चोळत माझ्याकडं आला.

“भाऊ, बाहुलीत काय भरलं?”

“काय भरणार?”

“वज्जं लागून राहिली.”

मी त्याच्यासमोर ती छोट्या तराजूत टाकली. एक शेर दोन छटाक. त्यानं पारड्याकडं पाहिलं, मग बाहुली उचलून घेतली. उचलताना त्याचा खांदा खाली गेला.

“हे एक शेर?” तो म्हणाला. “भाऊ, पाच-सहा शेराला कमी न्हाई.”

मी हसलो. दारू सोड म्हणालो. तो दारू पीत नव्हता हे मला ठाऊक होतं.

पुढच्या बाजारी त्यानं बाहुली पाय धरून उचललीच नाही. एक हात पाठीखाली घातला, दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या डोक्यामागं लावला, आणि सावकाश उचलली. लोक थांबले. मग थोडे हसले, सवयीनं. पुढं बसलेल्या दोन बायका उठून गेल्या.

मी त्याला झाडामागं नेऊन झापलं. “हसण्याची जागा घालवलीस.”

“मान धरत न्हाई ती,” तातेराव म्हणाला. “लटकते. हात लावावाच लागतो.”

“चिंध्यांची आहे रे.”

“व्हय,” तो म्हणाला. पण हात काढला नाही.

दिवाळीनंतर बाहुलीला वास यायला लागला. आंबलेल्या दुधासारखा. सरकी दमट झाली की आंबते, हे जिनिंगमधलं लहान पोरही सांगेल. मी स्वतः शिवण उसवली, आतलं सगळं काढलं, धोतर उन्हात टाकलं आणि नवी कोरडी रुई भरली. आता ती चौदा छटाक भरली. तातेरावाच्या हातात दिली. त्यानं ती छातीशी धरली, आणि त्याच्या सदऱ्यावर हळूहळू एक ओला डाग पसरला. मी बाहुली ओढून घेतली. ती कोरडी होती. सदरा ओला होता.

मी त्याला सदरा बदलायला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

मार्गशीर्षात नरसीच्या बाजारी मंजुळाबाई स्वतः आली.

छत्री नव्हती, गडी नव्हता. साध्या लुगड्यात येऊन ती सतरंजीच्या अगदी कडेला मांडी घालून बसली. गर्दीत कुजबुज झाली. मला खरं सांगायचं तर उकळ्या फुटत होत्या. बाई रडेल, शिव्या देईल, निदान उठून जाईल. तिन्हींपैकी काहीही झालं तरी महिनाभर बाजारात दुसरा विषय निघणार नव्हता.

“कर,” मी तातेरावाला म्हणालो. “एक शब्द गाळू नकोस.”

त्यानं गाळला नाही. “अगोबाई, लेकरू कुटं ठेवलं मी?” हेही म्हणाला.

कुणी हसलं नाही.

मंजुळाबाई रडली नाही. ती तातेरावाचे हात बघत होती.

संपल्यावर ती उठून आमच्याकडं आली. जवळून ती फार थकलेली दिसत होती. पण चेहरा शांत होता, बऱ्याच दिवसांनी पोटभर झोपून उठलेल्या माणसासारखा.

“नक्कल कुणी लिवली?”

“मी,” मी म्हणालो. “वाईट वाटलं असेल तर—”

“भादव्यापासून करता?”

“हो.”

तिनं मान हलवली, जणू तिचा हिशेब जुळला.

“सात वर्षं,” ती म्हणाली, “दिवस मावळला की माझ्या घरात रडणं सुरू व्हायचं. गायले की तेवढ्यापुरतं थांबायचं. मनून गात होते. भादव्यात ते एकदम बंद झालं. मला वाटलं, गेली कुटं ही?”

तिनं बाहुलीला हात लावला नाही.

“घेऊन जा,” तातेराव पुढं होऊन म्हणाला. “बाई, पाया पडतो. तुमची हाये, घेऊन जा.”

“मी न्हाई बोलावलं तिला हितं,” मंजुळाबाई म्हणाली. “तुमी बोलावलं. ज्यानं बोलावलं त्यानं सांबाळावं. मला आता झोप लागते.”

ती गर्दीतून निघून गेली. लोकांनी तिला वाट दिली.

थोतांड, मी म्हणालो. गाणारी बाई, नाटक तिच्या अंगात असणारच. आमच्या नकलेला तिनं तिच्या नकलेनं उत्तर दिलं, एवढंच. तातेराव खाली बसून राहिला. त्याच्या हातांतून बाहुली काढायला मला दोन माणसं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दहा माणसांदेखत, मी ती जिनिंगच्या बॉयलरमध्ये टाकली. चिंध्या जळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. आवाज वगैरे काही झाला नाही.

त्यानंतर तातेराव दोन बाजारांना आला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी सेनगावला गेलो.

भर दुपार. द्वारकाबाई अंगणात सुपात तूर पाखडत होती. आत अंधारात तातेराव भिंतीला टेकून झोपला होता. तोंड उघडं, गाल बसलेले. दोन्ही हात मांडीवर रिकामे पडले होते.

“वहिनी, बाहुली मी जाळली,” मी उंबऱ्याशी उभा राहून म्हणालो. “दहा जण साक्षीला आहेत. आता काय राहिलं? याला उठवा.”

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला. महिन्यानं डोळा लागलाय त्यांचा. आता तुमी आले तवा.”

मी हसलो. मला बरंच बोलायचं होतं. अडाणीपणावर बोलायचं होतं, त्या बाईवर बोलायचं होतं. मी बोलत राहिलो. पण बोलता बोलता माझा आवाज फार बारीक झाला होता. का, ते मला कळलं नाही.

मग माझ्या ध्यानात आलं की मी सरळ उभा नव्हतो. एका पायावरून दुसऱ्या पायावर, पुन्हा पहिल्यावर, मी सावकाश झुलत होतो. डावा हात कोपरात वाकून छातीशी आला होता.

मी झुलणं थांबवलं.

द्वारकाबाईच्या हातातलं सूप जागच्या जागी राहिलं. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या हाताच्या कोपराकडं बघत होती.

“थांबू नका, भाऊ,” ती अगदी हळू म्हणाली. “आताच झोपली ती.”